उजळ करायला सांगितलं कोणी?

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या माहेरच्या घराला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. सकाळी नऊच्या सुमारास ऊन समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर पडतं आणि तिथून परतून आमच्या खोलीत येतं. येताना त्याची धार गेलेली असते. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चेहरा काढायचा तर असा उजेड शोधा, हे किती मुलांना सांगितलं त्याची गणती नाही. म्हणून भाचीचा लग्नासाठी बायोडेटा करायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं, स्टुडिओत कशाला जाता, मी काढते फोटो.

तिला खिडकीशी बसवलं. ओढणी सारखी केली. माझा फोन महिनाभरापूर्वी घेतलेला, नवाच होता. पोर्ट्रेट मोड लावला, बटण दाबलं आणि लगेच फोटो उघडला. पहिला अर्धा सेकंद ती तीच होती: सावळी, हनुवटीवर लहानपणच्या कांजिण्यांचा खळगा, डाव्या भुवईच्या टोकाशी तीळ. मग माझ्या डोळ्यांदेखत फोटो बदलला. खळगा भरून निघाला, गालावरची बारीक लव गेली, तिळाचा भुरकट ठिपका झाला आणि रंग चांगला दोन छटा वर चढला. मी कशालाही हात लावला नव्हता. काही निवडलं नव्हतं, कुठलं अ‍ॅप उघडलं नव्हतं.

भाचीने फोन हातात घेऊन पाहिलं. "मावशी, छान आलाय. हाच देऊ या," म्हणाली. मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "खरंच अशी असते तर बरं झालं असतं."

त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागली नाही. सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी, घरात सगळ्यांत स्पष्ट बोलणारी मुलगी. तिला कोणी नातेवाईक तोंडावर असं बोलला असता तर तिने त्याला तिथेच गप्प केलं असतं. फोन बोलला तेव्हा तिने मान डोलावली, कारण फोन काही बोलतोय हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं, फोटो आहे.

सेटिंग शोधायला मला वीस मिनिटं लागली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात जादूच्या कांडीसारखं एक चित्र असतं. त्यावर बोट ठेवलं की 'ब्युटी' नावाची पट्टी उघडते. माझ्या फोनमध्ये तिचा काटा मधोमध होता. मी तो कधी हलवला नव्हता, कारखान्यातूनच तसा आला होता. शून्यावर आणून पुन्हा फोटो घेतला. खळगा परत आला, तीळ परत आला. भाचीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले आणि काही न बोलता चहा टाकायला आत गेली.

फोटो सुधारण्याला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. गेलं वर्षभर मी त्यातच रमले आहे आणि ते पुढे सांगणारच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसाचा चेहरा त्याला न विचारता बदलण्याचा आणि तोही एका ठरावीक दिशेने, गोरेपणाकडे बदलण्याचा अधिकार फोनला दिला कोणी? 'तुम्ही आपलं सेटिंग बंद करा की' हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. ज्याला सेटिंग आहे हेच ठाऊक नाही तो बंद काय करणार? आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाही ते बंद करणं परवडत नाही, याची कारणं आपल्या समाजात आहेत.

फोन मी जेल रोडवरून घेतला. इंदुरात फोन, कव्हर, चार्जर काहीही घ्यायचं तर माणूस जेल रोडलाच जातो. दुकानातल्या पोराने पुढचा कॅमेरा सुरू करून फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "देखिए आंटी, कितना साफ आता है." मी तेव्हा 'साफ'चा अर्थ स्पष्ट, रेखीव असा घेतला. आता कळतं, त्याला तो अर्थ अभिप्रेत नव्हता. माळव्यातल्या हिंदीत 'साफ रंग' म्हणजे गोरा रंग. पुढे मी मुद्दाम त्याच गल्लीत आणखी दोन दुकानांत गेले, तिथेही मला सेल्फी दाखवला तो याच शब्दात. पोरांना दोष देत नाही. गिऱ्हाईक काय पाहून फोन घेतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण एका शब्दात सुबकपणा आणि वर्ण असे एकत्र कालवले गेले की सावळा माणूस आपोआप 'अस्वच्छ' ठरतो. भाषेने फार पूर्वी केलेली ही चूक आता यंत्र हजारपट वेगाने करतं आहे.

आता यंत्र नेमकं करतं काय ते सांगते, कारण हे समजल्याशिवाय 'खरा फोटो' आणि 'खोटा फोटो' हे शब्द वापरण्यात अर्थ नाही. फोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर बोटाच्या नखाएवढा असतो. एवढ्याशा जागेवर फार उजेड मावत नाही. म्हणून फोन एका फोटोसाठी अनेक फोटो घेतो. त्यातले काही तर तुम्ही बटण दाबण्याआधीच घेऊन ठेवलेले असतात. काही उजळ, काही गडद. मग ते एकावर एक बसवून त्यांतून एक चित्र तयार करतो. रात्रीचा फोटो इतका स्वच्छ येतो तो यामुळेच. मागची पार्श्वभूमी धूसर होते ती भिंगाने नव्हे, तर कुठली वस्तू जवळ आणि कुठली लांब याचा अंदाज बांधून फोन ती धूसर करतो. चेहरा कुठे आहे हे तो ओळखतो आणि तेवढ्या भागावर वेगळी प्रक्रिया करतो. म्हणजे फोनने काढलेला प्रत्येक फोटो हा आधीच एडिट झालेला असतो. ज्याला आपण 'काहीही न करता काढलेला' म्हणतो तसा फोटो आज बहुतेकांच्या खिशात नाहीच.

हे किती पुढे गेलं आहे ते 2023 मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. एका बड्या कंपनीच्या फोनने चंद्राचे फार सुरेख फोटो येत. कोणीतरी मुद्दाम चंद्राचं धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीत अंधार केला आणि त्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोटोत चंद्रावरचे खड्डे स्पष्ट उमटले, जे त्या पडद्यावर नव्हतेच. फोनला चंद्र कसा दिसतो हे शिकवून ठेवलेलं होतं, त्याने तो आपल्या माहितीतून भरला. आमच्या गच्चीवर गेल्या कोजागरीला दूध आटेपर्यंत निम्म्या बिऱ्हाडांनी चंद्राचे फोटो काढले, तेव्हा मी हे सांगितलं. मुलं हसली. चंद्राचं ठीक आहे. त्याच्या डागांची सगळ्या जगाला माहिती आहे, आणि त्याला लग्नही जमवायचं नाही. पण तेच यंत्र माझ्या भाचीकडे पाहतं तेव्हा तेही आपल्या माहितीतला एक चेहरा तिच्यावर बसवत असतं. त्या चेहऱ्याला कांजिण्या कधी आलेल्या नसतात.

मी स्वतः फोटो सुधारायला शिकले ती गेल्या पावसाळ्यात. स्नॅपसीड नावाचं फोटो सुधारायचं अ‍ॅप घेतलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. 2012 पासून ते गूगलचं आहे. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही केलेला प्रत्येक बदल ते थरासारखा जपून ठेवतं. काय केलं याची यादी उघडता येते, मधलाच एखादा थर काढता येतो, पाहिजे तर थेट मूळ फोटोपर्यंत मागे जाता येतं. जलरंगात ही सोय नाही. एकदा पाणी जास्त झालं की झालं.

एका संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकर राजांच्या दगडी समाध्यांवर, गेले. नुकताच पाऊस होऊन गेलेला, दगड ओला, खालच्या कमानीत दिवे लागलेले. फोनने पहिला फोटो घेतला तो पाहून मी चकित झाले. संध्याकाळ गायब! आकाश दुपारसारखं, कमानीतला अंधार भरून काढलेला, ओला काळा दगड राखाडी झालेला. फोनला सावली दिसली की तो ती पुसायला धावतो. मग मी पडद्यावर उजळलेल्या कमानीवर बोट ठेवलं, शेजारी उमटलेलं सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढलं. अंधार जागेवर आला. घरी येऊन स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' हत्याराने खांबावर कोरलेल्या एका वादकावर एक ठिपका ठेवला आणि फक्त तेवढाच भाग किंचित उजळ केला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा रंग, जरासा पिवळ्याकडे नेला, कारण त्या क्षणी तिथे पिवळाच उजेड होता आणि फोनने तो धुऊन काढला होता. 'स्ट्रक्चर' वाढवलं तर दगडाचा खरखरीतपणा येतो, जास्त वाढवलं तर दगड कोळशासारखा दिसायला लागतो, दहा-बारावर थांबले. तासभर गेला. त्या तासाभरात मी ती छत्री जितकी पाहिली तितकी गेल्या साठ वर्षांत पाहिली नव्हती. रोज तिच्यासमोरून रिक्षाने गेले आहे.

फोटो सुधारणं म्हणजे पुन्हा पाहणं. म्हणूनच मला ते आवडतं आणि म्हणूनच मुलांना ते शिकवलं पाहिजे असं मी म्हणते. या शहराला त्याची परंपरा आहे. देवळालीकर सरांनी 1927 मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली, बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर अशी माणसं त्या शाळेने दिली, हुसेनही तिथे काही काळ शिकले. चिंचाळकर गुरुजींनी पुढे रंग-ब्रशही बाजूला ठेवले आणि वाळकी पानं, फांद्या, मोडकंतोडकं सामान यांतून माणसं, पक्षी दाखवले. वाळलेल्या पानात ज्यांना चेहरा दिसायचा त्यांच्या गावातल्या मुलींना स्वतःच्या चेहऱ्यात फक्त दोष दिसावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कोणी म्हणेल, स्टुडिओवाले काय वेगळं करत होते? बरोबर आहे, आणि या मुद्द्यावर मी घाईने पुढे जाणार नाही, कारण इंदूरचं फोटोग्राफीशी नातं फार जुनं आहे. लाला दीनदयाळ 1866 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला इंदुरात आले आणि कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो इथेच, 1870 च्या दशकात. तुकोजीराव होळकर दुसरे त्यांचे पाठीराखे. म्हणजे ज्यांची छत्री मी फोनमध्ये टिपत होते त्यांनीच एका नकाशे काढणाऱ्या माणसातला फोटोग्राफर ओळखला होता. पुढे दीनदयाळ हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' झाले. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादला पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. आपला चेहरा कोणी टिपावा हे त्या काळातल्या, पडद्यात राहणाऱ्या स्त्रीलाही ठरवायचं असतं, हे त्यांना समजलं होतं.

आणि हो, रिटचिंग तेव्हाही होतं. जुन्या स्टुडिओंत काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम चाले. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, म्हणून पेन्सिलीचा काळा ठिपका छापल्यावर पांढरा दिसतो. सुरकुती भरायची, डोळ्याखालचं वर्तुळ हलकं करायचं, रंग उजळायचा तर पेन्सिल. गडद करायचं तर पात्याने खरवडायचं. सुरुवातीच्या प्लेटांना तर निळाच उजेड नीट दिसायचा, तांबूस-तपकिरी कातडी त्यावर आहे त्याहून काळी यायची. म्हणजे सावळ्या माणसावर कॅमेऱ्याने पहिल्यापासून अन्याय केला, आणि पेन्सिलीने त्याची थोडी भरपाई केली, असंही म्हणता येईल.

आमच्या घरात आजीचा असाच एक फोटो आहे. काळा-पांढरा, त्यावर हाताने रंग भरलेले. लुगड्याचा काठ हिरवा, कुंकू लाल, ओठांवर अगदी पुसट गुलाबी. रंगवणाऱ्याने आजीचा गालही थोडा गुळगुळीत केला आहे, जवळून पाहिलं की कळतं. तो फोटो खोटा आहे असं घरात कोणालाच कधी वाटलं नाही. मागच्या वर्षी माझ्या पुतण्याने हौसेने तो एका 'फोटो सुधारणाऱ्या' अ‍ॅपमध्ये घातला. डोळे चकचकीत झाले, पापण्या आल्या, गळ्याजवळच्या रेषा गेल्या, नाक सरळ झालं. त्याने फोन आईसमोर धरला. माझी आई शहाऐंशीची आहे. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही कोण?"

रंगवणारा कारागीर आजीच्या चेहऱ्यावर काम करत होता. समोर फोटो, फार तर माणसं येऊन सांगून गेलेली: काठ हिरवा होता, नथ मोत्यांची होती. त्याची चूक दिसत होती, त्याला विचारता येत होतं, पुन्हा करून मागता येत होतं. शिवाय असा फोटो आयुष्यात एक-दोनदाच निघायचा, त्यानंतर माणूस आरशाकडे परत जायचा. आज फोन हाच आरसा झाला आहे. मुलगी दिवसातून दहा वेळा पुढचा कॅमेरा उघडते आणि दहाही वेळा तिला एक अशी 'ती' दिसते जी न्हाणीघरातल्या आरशात नसते. यातून होणारा त्रास डॉक्टरांच्याही लक्षात आला आहे. फिल्टरमधल्या आपल्याच चेहऱ्यासारखं करून द्या, अशी मागणी घेऊन लोक प्लास्टिक सर्जनकडे जाऊ लागले, यावर 2018 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत लिहून आलं. पेन्सिलीच्या टोकाने असं कोणाचं झालं नव्हतं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले. आमच्या एका मंडळाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका मी सहा वर्षं पाहते आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, मी ते लावते, छापखान्यात देते. दोन वर्षांपूर्वी छापखान्यातल्या मुलाने सगळे फोटो एका झटक्यात एकाच प्रक्रियेतून काढले. हेतू वाईट नव्हता, सगळे फोटो सारखे छान दिसावेत इतकाच. पुस्तिका हातात आली तेव्हा मेळावा दोन दिवसांवर होता. पानामागून पान तेच: तोच पिवळसर गोरा रंग, तेच मेणासारखे गाल. दोन सख्ख्या बहिणी, एक आईवर गेलेली, एक वडिलांवर, जुळ्या दिसत होत्या. मुलांचेही तसेच, त्यांच्या हनुवट्या टोकदार झालेल्या.

मेळाव्यात मी व्यासपीठाच्या बाजूला उभी होते. एक मुलगी परिचय द्यायला उभी राहिली. पहिल्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी पुस्तिकेत तिचं पान काढलं, फोटोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. मग पान उलटलं. मुलीने ते पाहिलं. तिचं वाक्य मधेच अडखळलं, तिने ते पूर्ण केलं आणि खाली बसली. तो फोटो तिने उजळ केलेला नव्हता, छापखान्याने केला होता. पण त्या क्षणी फसवलं असं ठरलं ते तिनेच.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं ते असं: "ताई, तत्त्व ठीक आहे, पण बाकीच्या सगळ्या मुली उजळ फोटो देणार आणि आपली सावळी दिसणार, मग तिला पाहायला कोण येणार?" हा सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप आहे, आणि एकटीदुकटीच्या बाबतीत खराही आहे. मी भाचीला तत्त्वासाठी मागे राहा म्हणणार नाही. पण अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले फिरते देखावे, पाहायला आपण रस्त्याकडेला उभे असतो तेव्हा काय होतं ते आठवा. पुढचा एक जण स्टुलावर चढतो. मागच्यांना दिसेनासं होतं, तेही स्टुलं आणतात. तासाभरात सगळा रस्ता स्टुलावर. आधीपेक्षा जास्त कोणालाच दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. एकट्याने उतरायचं तर फक्त त्याचंच नुकसान. म्हणून तिथे कोणीतरी सगळ्यांना एकदम 'खाली उतरा' म्हणावं लागतं. मंडळं, कंपन्या, सरकार हे असतात कशाला?

'मेकअप करतोच ना, मग हे काय वेगळं?' असंही विचारतात. मेकअप मुलगी स्वतः करते, तिला माहीत असतं की केलाय, आणि समोरच्यालाही तो दिसतो. एवढं पुरे.

जगात यावर काही हालचाल झाली आहे. फ्रान्सने 2017 पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर संगणकाने बदललं असेल तर 'फोटो रिटच केलेला आहे' असं छापणं सक्तीचं केलं. नॉर्वेत जुलै 2022 पासून जाहिरातदारांना आणि पैसे घेऊन सोशल मीडियावर जाहिरात करणाऱ्यांनाही तशी खूण लावावी लागते. कंपन्यांना हे जमत नाही असंही नाही. गूगलने 2020 मध्ये जाहीर केलं की आपल्या पिक्सेल फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करण्याची सोय सुरुवातीला बंदच राहील, ज्याला हवी त्याने चालू करावी. पुढच्या वर्षी तर सावळ्या आणि काळ्या कातडीचे रंग नीट यावेत यासाठी कॅमेऱ्याचं गणितच सुधारलं. बटण तेच, फक्त सुरुवात कुठून करायची एवढाच फरक. पण बहुतेक माणसं सेटिंग कधीच बदलत नाहीत. मी एकतीस वर्षं रंग ओळखायला शिकवले, तरी मला महिनाभर कळलं नाही.

आपल्याकडे जून 2020 मध्ये सरकारने एकोणसाठ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात चेहरा सुंदर करणारी अ‍ॅपही होती. पण ती बंदी देशाच्या सुरक्षिततेसाठी होती, गोरेपणासाठी नव्हे. एक गेलं, दुसरं आलं, फोनच्या आतलं तर गेलंच नाही. त्याच वर्षी गोरेपणाच्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढला. त्याआधी 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने नियम केला होता की सावळी व्यक्ती दुःखी, मागे पडलेली, लग्न न जमणारी अशी जाहिरातीत दाखवायची नाही. म्हणजे क्रीमच्या डबीवर जे लिहायला आता लाज वाटते, ते फोन प्रत्येक फोटोत करून दाखवतो, आणि त्याला कोणी जाहिरात म्हणत नाही. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यावर सॉफ्टवेअरने केलेला फेरफार चालत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खरा चेहरा पाहिजे, आणि जन्माच्या जोडीदाराला चालेल तो?

मला काय हवं ते स्पष्ट सांगते. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये चेहरा बदलणारी पट्टी शून्यावर असावी. पहिल्यांदा कॅमेरा उघडला की त्याने हिंदीत, मराठीत, ज्याची जी भाषा असेल तीत विचारावं: चेहऱ्यात बदल करू का? ज्याला हवे त्याने 'हो' म्हणावं, मला त्याचं वाईट वाटणार नाही. आणि 'ब्युटी' हे नाव काढावं. गोरं करणं आणि गुळगुळीत करणं या दोन क्रिया आहेत, त्यांची तीच नावं द्यावीत. 'रंग उजळ करा' असं लिहिलेलं बटण दाबताना माणूस निदान एकदा थांबेल.

शाळांत मोबाइल फोटोग्राफीचे वर्ग निघताहेत, फार चांगली गोष्ट आहे. मी स्वतः सुट्टीत दहा-बारा मुलामुलींना शिकवते. त्यांना मी पहिल्या दिवशी भिंग पुसायला शिकवते, कारण निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलाने येतात. दुसऱ्या दिवशी खिडकी. तिसऱ्या दिवशी मात्र प्रत्येकाला स्वतःचा एकच फोटो दोनदा काढायला सांगते, पट्टी शून्यावर आणि पट्टी शंभरावर, आणि काय काय बदललं ते वहीत लिहायला लावते. गेल्या वेळी एका नववीतल्या मुलीने लिहिलं, 'माझ्या बाबांसारखं नाक गेलं.' मुलं अ‍ॅप आपल्याआधी शिकतात. त्याने काय काढून घेतलं ते बघायला मात्र शिकवावं लागतं.

आणि आपली मंडळं. त्यांना ना कायद्याची वाट पाहायला हवी, ना कंपनीची. फॉर्ममध्ये अजून 'वर्ण' नावाचा रकाना आहे. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. विठोबाला सावळा म्हणून आळवणारा आपला समाज हा रकाना भरताना 'सावळा' लिहीत नाही. मी सहा वर्षांत तो शब्द दोनदा वाचला, दोन्ही वेळा मुलाच्या फॉर्मवर. बाकी सगळे गव्हाळ. हा रकाना आहे तोवर फोनला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपलंच ऐकलं आहे.

येत्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे. मी ठराव लिहून ठेवला आहे. वर्णाचा रकाना काढावा. फोटो दोन घ्यावेत, दोन्ही दिवसाच्या उजेडात, ब्युटी बंद करून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे त्यातला तपशील दाबला जात नाही. छापखान्याने उजेड आणि आकार याखेरीज कशालाही हात लावू नये. ज्या घरात हे कोणाला जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी नऊला रामबागेत यावं, खिडकी आहे, मी काढून देईन. भाचीने तिचा फोटो कालच पाठवला, शून्यावरचा. खाली लिहिलं होतं, "मावशी, तीळ नीट दिसतोय ना बघ."